शेवटची वालिदे सुलतान

ऑटोमन जनानखान्यात सर्वांत मोठा मान बायकोचा नव्हता, आईचा होता. मुलगा गादीवर बसला की आई ‘वालिदे सुलतान’ व्हायची. सुलेमानची आई हफ्सा ही 1520 पासून या पदवीची पहिली मानकरी मानली जाते. सुलतान गेला की त्याच्या जनानखान्याची रवानगी इस्तंबूलच्या जुन्या राजवाड्यात होई. नव्या सुलतानाची आई मात्र तिथून वाजतगाजत तोपकापी राजवाड्यात परत येई. यांतल्या बहुतेकजणी मूळच्या दासी. पोटचा शहजादा हीच त्यांची मिळकत. त्याच जोरावर क्योसेमने मुलाच्या आणि पुढे नातवाच्या नावाने राज्य चालवलं. 1651 मध्ये सुनेच्या गोटाने तिचा गळा आवळला, तोही याच पदासाठी.

इतकं रक्ताला चिकटलेलं हे पद शेवटी गेलं ते मूलबाळ नसलेल्या बाईकडे.

पेरेस्तू मूळची चेर्केस प्रांताकडची. सुलतान अब्दुलमजीदची आत्या एस्मा सुलतान हिने तिला लेक मानून वाढवलं होतं. म्हणजे ती स्वतःच दत्तक. 1844 च्या सुमारास ती अब्दुलमजीदच्या जनानखान्यात आली. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी बायको दुझदिदिल क्षयाने गेली आणि तिची दोन वर्षांची मुलगी जमीले पेरेस्तूच्या ओटीत आली. काही वर्षांनी त्याची आणखी एक बायको तिरिमुझगानही क्षयानेच गेली. तिचा दहा-अकरा वर्षांचा अबोल मुलगा अब्दुलहमीद, तोही हिच्याकडेच. दत्तक म्हटलं की आपल्याला गादीचा वारस आठवतो. इथे वारस ढिगाने होते, अब्दुलमजीदला चाळीसहून अधिक मुलं झाली. खोट होती ती आयांची.

31 ऑगस्ट 1876 ला अब्दुलहमीद सुलतान झाला आणि त्याने पेरेस्तूला वालिदे केलं. त्याची मुलगी आयशे हिच्या आठवणींत पुढचा प्रसंग आहे. त्याने आईचा हात चुंबला, पोरकेपण जाणवू दिलं नाहीस म्हणून उपकार मानले आणि लगेच बजावलं, की राज्यकारभारात पडायचं नाही, कुणाची रदबदली करायची नाही. काका अब्दुलअझीझच्या काळात त्या काकाची आई पर्तेवनियाल हिची ढवळाढवळ अब्दुलहमीदने पाहिली होती. मान पुरेपूर, सत्ता शून्य! मला यात कृतज्ञतेइतकाच हिशेबही दिसतो. जिला स्वतःचा मुलगा नाही, तिला कुणासाठी गट बांधायचा होता?

पेरेस्तूने शब्द पाळला. यिल्दिझ राजवाडा आणि माच्काचं घर यांत तिचं आयुष्य गेलं. नमाज, दानधर्म आणि जनानखान्याची शिस्त एवढंच तिचं राज्य. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती वारली. एयुपला, तिसऱ्या सलीमच्या आईच्या मकबऱ्यात, तिला दफन केलं.

1909 ला पाचवा मेहमेद आणि 1918 ला सहावा मेहमेद गादीवर आले. दोघेही अब्दुलहमीदचे सावत्र भाऊ, दोघांच्याही आया त्यांच्या लहानपणीच गेलेल्या. पाचव्याला सांभाळणारी सर्वेतसेझाही 1878 मध्येच वारली होती. त्यामुळे 1922 मध्ये सल्तनत बरखास्त होईपर्यंत ही पदवी कुणालाच मिळाली नाही.