भयपटाचे आकर्षण : बीड जिल्हा

भीती वाटून घेण्यासाठी आपणहून पाहिलेला चित्रपट वा मालिका म्हणजे भयपट. रक्त, तुटलेले अवयव, फाटलेले मांस दाखवून शिसारी आणणारे चित्रण त्याच्या शेजारी बसते. तरी दोन्हींची गल्लत करू नये. नाट्यशास्त्राने त्यांना केव्हाच वेगळे केले आहे : भयानक रसाचा स्थायी भाव भय, तर बीभत्साचा जुगुप्सा. मृत्यू आणि युद्ध रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता सूचित करावे, हा दंडकही तिथलाच. अभिनवगुप्ताने भयानकाची चर्चा करताना शाकुंतलातले बाणाच्या धाकाने पळणारे हरीण घेतले. ती भीती ना हरणाची उरते, ना प्रेक्षकाची. म्हणून तो जागा सोडून पळत नाही, उलट रस घेतो.

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट मिरचीवरून मांडली. मराठवाड्यात ती समजावून सांगायची गरज नाही. ठेचा खाताना नाक गळते, डोळ्यांत पाणी येते, कानशिले तापतात, तरी हात पुन्हा भाकरीकडे जातो. शरीर धोक्याची हाकाटी करते आणि मन जाणून असते की धोका नाही. या दोहोंमधल्या फटीत मजा असते. भयपटाचा सगळा धंदा त्या फटीवर चालतो.

बीड जिल्ह्यात ही चव पडद्याने लावली नाही. आष्टी तालुक्यातील सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. डोंगरापलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात कानिफनाथांची मढी. या टापूत ‘नवनाथ भक्तिसार’ ही मालू नरहरींची १८१९ ची पोथी घरोघर लावली जाते. तिच्यात मच्छिंद्रनाथ वेताळाशी आणि त्याच्या भूतसेनेशी झुंजतात. गुरूला वडा हवा म्हणून गोरक्ष आपला डोळा उपटून एका बाईच्या हातावर ठेवतो. सावत्र आईच्या आळापायी एका राजपुत्राचे हातपाय तोडले जातात आणि त्याचाच पुढे चौरंगीनाथ होतो. सेन्सॉर मंडळाने यांतले दुसरे आणि तिसरे दृश्य पाहिले असते तर प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र नक्की होते. पोथीला मात्र आजीच्या मांडीवरचे पोरही बसते. फरक इतकाच की पोथीतला डोळा अध्याय संपण्याआधी परत मिळतो.

पडद्यावरची भीती येथे, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, आधी हिंदीतून आली. रामसे बंधूंचे ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) हे चित्रपट थोड्या पैशांत काढले जात आणि लहान शहरांतल्या थिएटरांवर पैसा वसूल करीत. दूरचित्रवाणीवर १९९० च्या दशकात ‘झी हॉरर शो’ आणि ‘आहट’ या मालिका आल्या. मराठीने भुताला बराच काळ हसत हसत घेतले : महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तील (१९९३) तात्या विंचू, रामदास पाध्ये यांचा तो बाहुला, घाबरवतो कमी आणि लाडका जास्त. गंभीर भीतीची परंपरा नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांत होती. पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६), ‘तुंबाड’ (२०१८), ‘मुंज्या’ (२०२४) यांनी भुताला कोकणात वतन दिले. पाऊस, माड, जुना वाडा, विहिरीतले हिरवे पाणी. कोरड्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यात काही आले नाही.

अपवाद म्हणावा असा चित्रपट ‘लपाछपी’. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा घेणेकऱ्यांच्या भीतीने शहर सोडून उसाने वेढलेल्या घरात लपतात. तेथे तुळसाबाई (उषा नाईक) तिचे सगळे मायेने करते. भुताचे खेळ बहुतांशी दिवसाढवळ्या चालतात आणि रक्त थोडे सांडते. चित्रपटाचे गुपित मुलींच्या हत्येचे आहे. फुरिया यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून पुन्हा केला. ‘छोरी २’ २०२५ मध्ये आला.

कथा बीडची नाही, गावाला जिल्हा दिलेला नाही. तरी बीडमध्ये हा चित्रपट वेगळा दिसतो, कारण येथून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ऊस म्हणजे अनोळखी हिरवी भिंत. तोडणाऱ्याला तो कामाचा फड असतो : पहाटेच्या अंधारात फडात शिरायचे, पानांच्या कडा हातावर ओरखडे काढतात, चार पावलांपलीकडचे माणूस दिसत नाही, नुसती सळसळ कानावर येते. बांधाला, नाहीतर कोपीत (झोपडीत), तान्हे पोर झोपवलेले. रात्री रानात वाट चुकून माणूस त्याच जागी फिरत राहतो, त्याला चकवा म्हणतात. ‘लपाछपी’ने चकवा भर दुपारी उसात आणला, ही त्याची खरी करामत. ओळखीच्या जागेने ओळख नाकारली की जी भीती वाटते ती रक्ताच्या बादल्यांनी वाटत नाही.

गोष्टीचा गाभा तर बीडला आणखी जवळचा आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. २०१२ मध्ये परळीतल्या एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी महिलेचा मृत्यू झाला आणि बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले. डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये १० वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनंतर सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. हे ठाऊक असलेल्या बाईला तुळसाबाईच्या मायेतला धोका चित्रपट सांगण्याआधी कळतो. भूत तिथे जादाचे आहे.

उघड रक्तपाताचे आकर्षण अलीकडचे, आणि ते बरेचसे मोबाईलवरचे. ‘मिर्झापूर’ (२०१८), ‘अ‍ॅनिमल’ (२०२३), ‘किल’ (२०२४) यांतील हिंसा भयपटाची नाही, मर्दुमकीची आहे. प्रेक्षक मार खाणाऱ्याच्या नव्हे, मारणाऱ्याच्या जागी बसतो. या हिंसेला भयपटाच्या नावाखाली घालणे चूक. भयपटात प्रेक्षक जिच्या मागे कोणीतरी लागले आहे तिच्याबरोबर पळतो.

या चवीला मर्यादा आहे, आणि ती बीडने अलीकडेच पाहिली. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. मार्च २०२५ च्या आरंभी दोषारोपपत्रातली या हत्येची छायाचित्रे माध्यमांतून पसरली, तेव्हा जिल्ह्यातच नव्हे तर राज्यभर संताप उसळला. तिथे रोझिन यांची फट नव्हती : मनालाही ठाऊक होते की हे खरे आहे. छायाचित्रे पुढे ढकलणारेही होते, पण त्याला भयपटाची आवड म्हणता येणार नाही.

‘लपाछपी’ आला तेव्हा २०११ ची जनगणना सहा वर्षांची झाली होती. पुढची २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली; आता २०२७ ची तारीख जाहीर झाली आहे. तोवर जनगणनेच्या दफ्तरी बीडच्या मुलींचा आकडा ८०७ च आहे.