जीर्णकोशिकानाशक औषधे

विभाजन कायमचे थांबलेल्या, परंतु मृत न झालेल्या कोशिकांचा (पेशींचा) निवडकपणे नाश करून वार्धक्यातील विकारांवर इलाज करण्यासाठी शोधण्यात आलेली औषधे. त्यांना ‘सेनोलिटिक’ औषधे असेही म्हणतात.

इतिहास : आलेक्सी कारेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) संवर्धन सुरू केले. ते १९४६ पर्यंत चालू राहिल्याने कोशिका मूलतः अमर असतात, असा समज रूढ झाला. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये तो खोडून काढला. मानवी गर्भाच्या कोशिका सु. ५० वेळा विभागल्यावर थांबतात, असे त्यांना आढळले. पुढे अशा जीर्ण कोशिकांतून दाहकारक प्रथिने स्रवतात, हेही ज्ञात झाले. तथापि त्या वार्धक्याचे लक्षण की कारण, हा प्रश्न अनिर्णित होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली आनुवंशिक बदल केलेल्या, अकाली वृद्ध होणाऱ्या उंदरांतील या कोशिका काढून टाकल्यावर त्यांचे काही विकार लांबले. त्यावरून त्या कारणांपैकी एक ठरल्या.

औषधे व कार्य : जीर्ण कोशिका स्वतःचा मृत्यू रोखणाऱ्या यंत्रणेवर तग धरतात, औषधे ती यंत्रणा बंद पाडतात. २०१५ मध्ये डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध व क्वेर्सेटिन हे वनस्पतिज द्रव्य यांची जोडी प्रथम पुढे आली. २०१८ मध्ये ती दिलेल्या वृद्ध उंदरांचे उर्वरित आयुष्य सरासरी ३६ टक्क्यांनी वाढले. क्वेर्सेटिन कांद्यातही असते. परंतु चाचण्यांतील दैनिक मात्रेसाठी काही किलो कांदा खावा लागेल.

मानवी चाचण्या : २०१९ मध्ये फुप्फुसांच्या तंतुमयतेच्या १४ रुग्णांची चालण्याची क्षमता या जोडीने सुधारली; मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. गुडघ्याच्या संधिवातावरील दुसरे एक औषध २०२० मध्ये निरौषधी मात्रेहून (प्लासीबोहून) सरस ठरले नाही. शिवाय जीर्ण कोशिका जखम भरण्यास मदत करतात व त्यांचे विभाजन थांबणे हे कर्करोगाविरुद्धचे एक संरक्षण आहे. त्यामुळे सरसकट नाश हितावह ठरेलच असे नाही.

रसायनचिकित्सेशी तुलना : चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा आरंभ रसायनाने होतो. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शरदिनी डहाणूकर व उर्मिला थत्ते यांनी गुळवेल इ. रसायन द्रव्यांची प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने प्रायोगिक तपासणी केली. रसायनाचा उद्देश धातूंचे पोषण व बलवर्धन हा आहे, तर प्रस्तुत औषधांचा निर्मूलन हा. म्हणून एकाचा पुरावा दुसऱ्यास लागू होत नाही. दोहोंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तारुण्यदायी गोळ्यांस या संशोधनाचा आधार नाही. मानवाचे आयुष्य या औषधांनी वाढल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यांचा वापर वैद्यकीय चाचणीपुरताच मर्यादित ठेवणे इष्ट होय.