पाणी दबते का?

सतराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये चांदीचा एक पोकळ गोळा पाण्याने काठोकाठ भरून पक्का बंद केला गेला आणि त्यावर हातोड्याचे घाव घातले गेले. गोळा चेपला की आतली जागा कमी होते; मग पाण्याला दबणे भागच. पण पाणी दबले नाही. चांदीच्या अंगाला घाम फुटावा तसे ते धातूतून झिरपून बाहेर आले. 1657 मध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने सुरू झालेल्या ‘अकादेमिया देल चिमेंतो’ने हा प्रयोग 1667 च्या आपल्या ग्रंथात नोंदवला.

दरम्यान 1662 मध्ये रॉबर्ट बॉईलने हवेचा नियम मांडला होता: दाब दुप्पट, तर आकारमान निम्मे. म्हणून वायू दबतात आणि द्रव मुळीच दबत नाहीत, अशी विभागणी रूढ झाली.

ही विभागणी चुकीची होती. चांदीतून पाणी निसटले, एवढेच त्या प्रयोगाने दाखवले; निसटण्याआधी ते किती आकसले, हे मोजायची सोयच त्यात नव्हती.

ती सोय केली लंडनमधल्या जॉन कँटन या शाळामास्तराने. विणकराचा हा मुलगा. त्याने जोर लावायचे सोडून मोजमाप बारीक केले. काचेचा गोळा, त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी, आत पाणी. नळीचे तोंड उघडे असल्याने काचेवर आतून-बाहेरून दाब सारखाच पडे. हे उपकरण हवापंपाच्या भांड्यात ठेवून हवा काढली की नळीतले पाणी वर चढे. हवा कोंबली की खाली उतरे. गोळा मोठा आणि नळी बारीक, त्यामुळे नगण्य बदलही डोळ्यांना दिसे.

1762 मध्ये त्याने निष्कर्ष जाहीर केले. एका वातावरणाइतक्या दाबाने पाणी दशलक्षात सुमारे 46 भाग आकसते. आजचा आकडा त्याच्या प्रयोगातल्या तापमानाला 48 च्या आसपास आहे. काचही दाबाखाली किंचित आकसते आणि पाण्याचे तेवढे आकसणे अशा नळीत दिसत नाही, हे लक्षात घेतले तर कँटनची अचूकता थक्क करते. थंडीत पाणी जास्त दबते, मद्यार्क मात्र उलट वागतो, हेही त्याने टिपले. 1764 चे कॉप्ली पदक त्याला या कामासाठी मिळाले.

स्थायूही दाबाखाली आकसतातच. पोलाद पाण्यापेक्षा सुमारे सत्तर पट कमी दबते, इतकेच.

दशलक्षात 46 हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण चार किलोमीटर खोलीवर सुमारे 400 वातावरणांचा दाब असतो, आणि तिथले पाणी जवळपास पावणेदोन टक्के आकसलेले असते. ते आकसले नसते, तर जगातल्या समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 30 मीटर वर असती.