अर्बुदावर उष्णतेचा मारा: लोहकणांच्या एका उपचाराचा इतिहास

१/८ मेंदूतील ग्लायोमा जातीची अर्बुदे निरोगी पेशींत खोलवर पसरतात. १९२८ मध्ये अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल काढल्याचे प्रसिद्ध केले. तरीही अर्बुद उलटले. सुरी पोहोचत नाही तिथे उष्णता पोहोचेल का?

२/८ कल्पना जुनी होती. १८६६ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म बुश यांनी त्वचेच्या संसर्गाने ताप आल्यावर चेहऱ्यावरील अर्बुद ओसरल्याचे नोंदवले. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी मुद्दाम जंतू टोचून पाहिले. मात्र गुण तापाचा की प्रतिकारशक्तीचा, हे वेगळे करता येईना.

३/८ पुढे उष्णतेचे कार्य स्पष्ट झाले. सुमारे ४३ अंश सेल्सिअसला पेशींतील प्रथिने बिघडतात आणि किरणोत्साराचा प्रभाव वाढतो. अडचण एकच: निरोगी मेंदू न तापवता केवळ अर्बुद कसे तापवायचे?

४/८ १९५७ मध्ये शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी मार्ग दाखवला. कुत्र्यांच्या लसीका ग्रंथींत लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण पोहोचवून त्यांनी बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र लावले. कण तापले, भोवतालचे ऊतक त्या मानाने थंड राहिले.

५/८ १९९० च्या दशकात बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डन यांनी हे सूत्र पुढे नेले. सुमारे १२ नॅनोमीटर गाभ्याचे, विशिष्ट लेप दिलेले कण अर्बुदात टोचायचे आणि सेकंदाला एक लाख वेळा दिशा बदलणारे क्षेत्र लावायचे, अशी ही पद्धत.

६/८ २००७ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या १४ रुग्णांवरील प्राथमिक अभ्यास आला. २०११ च्या अभ्यासात अर्बुद उलटलेले ५९ रुग्ण होते. उष्णतेला किरणोपचाराची जोड होती. अर्बुद प्रथम उलटल्यापासून निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांहून अधिक जगले. त्याच सुमारास युरोपात उपचाराला मान्यता मिळाली.

७/८ परंतु चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक निवडलेला तुलनेचा गट या अभ्यासात नव्हता. तुलना पूर्वीच्या रुग्णांशी झाली. त्यामुळे वाढलेल्या महिन्यांचे श्रेय कशाला, हे ठरत नाही. शिवाय दातांतील धातू काढावा लागे आणि लोहकणांमुळे मेंदूचे एमआरआय चित्र बिघडे. अर्बुद परतले का, हे पाहण्याचे मुख्य साधनच हातचे जाई.

८/८ २०२२ मध्ये हा उपचार विकसित करणारी मॅगफोर्स कंपनी दिवाळखोरीत गेली. उष्णता नेमक्या जागी कशी न्यावी, याचे उत्तर शिकागो आणि बर्लिनने दिले. तिने आयुष्य किती वाढते, हे मात्र मान्यतेच्या शिक्क्याने सिद्ध झाले नाही. वैद्यकाचा इतिहास वाचताना या दोन प्रश्नांची गल्लत टाळावी. कारण मोजमाप रुग्णाच्या उरलेल्या महिन्यांचे असते.