अधू नजर आणि लाकडावरील नक्षी

मराठीत ‘चाळिशी’ या एकाच शब्दाने वय आणि चष्मा या दोहोंचा बोध होतो. या वयाच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता इतकी घटते की जवळची वस्तू नीट दिसण्यासाठी ती लांब धरावी लागते. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ७ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसू शकते. चाळिशीत हे अंतर २० सेंटिमीटरच्या, तर पन्नाशीत ४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. साठीत ते हाताच्या टप्प्याबाहेर पडते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ही केवळ गैरसोय वाटते. कर्नाटकातील सागर-सोरब परिसरात चंदनावर देवमूर्ती आणि वेलबुट्टी कोरणाऱ्या गुडिगार कारागिरांना, अथवा जुन्या वाड्यांच्या कोरीव खांबांची डागडुजी करणाऱ्या सुतारांना मात्र हा पोटाचा प्रश्न असतो. या कामात हात मुरतो तो नेमका याच वयात.

बारीक काम सोनार आणि घड्याळजीही करतात. लाकूड कोरणाऱ्याची अडचण थोडी निराळी आहे. कापडावरचा धागा रंगाने उठून दिसतो, सोने चकाकते. लाकडावरची रेघ मात्र लाकडाच्याच रंगाची असते. ती दिसते ती केवळ तिच्या कडेला पडलेल्या सावलीमुळे. उजेड-अंधारातील असा सूक्ष्म फरक ओळखण्याची डोळ्याची क्षमता वयानुसार मंदावते आणि ते नेत्रतपासणीच्या नेहमीच्या तक्त्यावर कळत नाही, कारण तिथे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळीकुळकुळीत अक्षरे असतात. ‘चष्म्याचा नंबर बरोबर आहे, तरी काम दिसत नाही’ ही ज्येष्ठ कारागिरांची तक्रार त्यामुळे पुष्कळदा खरी असते.

तेव्हा पहिला उपाय भिंगाचा नव्हे, प्रकाशाचा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मात्र नुसता उजेड वाढवून भागत नाही. डोक्यावरच्या प्रखर नळीदिव्याखाली सगळी नक्षी सपाट भासते, कारण समोरून अथवा वरून आलेला प्रकाश सावल्याच पुसून टाकतो. खोलीत सौम्य उजेड आणि एका बाजूने, लाकडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल इतका खाली ठेवलेला एक हलता दिवा, ही रचना सर्वांत उपयोगी ठरते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली पटाशीच्या टोकावर पडत नाही. दिवा जरासा सरकवला की दडलेला खड्डा किंवा उरलेला कंगोरा लगेच समोर येतो. गडद लाकडावर खडूची भुकटी चोळली, तर पटाशीचा ताजा छेद त्या फिक्या पृष्ठभागावर ठळक उमटतो. चंदनासारख्या फिकट लाकडावर हेच काम मऊ पेन्सिलीची पूड करते.

त्यानंतर चष्मा. वाचनाचा तयार चष्मा बहुधा ३५ ते ४० सेंटिमीटर अंतर गृहीत धरून घेतला जातो. कोरीव काम करणारा मात्र कधी २५ सेंटिमीटरवर वाकलेला असतो, तर मोगरीचा ठोका मारताना ६० सेंटिमीटरवर ताठ बसलेला असतो. नेत्रतपासणीस जाताना आपले कामाचे अंतर दोरीने मोजून सांगितले, तर हवा तो नंबर मिळतो. प्रोग्रेसिव्ह काचांत जवळचे पाहण्याचा भाग खाली आणि अरुंद असल्याने मान मागे टाकून काम करावे लागते व थोड्याच दिवसांत मानेचे दुखणे मागे लागते. कामाच्या पाटासाठी एकाच नंबरचा स्वतंत्र चष्मा असलेला बरा. काचा पॉलिकार्बोनेटच्या घेतल्यास उडणाऱ्या ढलप्यांपासूनही संरक्षण मिळते. एवढ्या साध्या चष्म्याने किती फरक पडतो, याचे एक मोजमाप दुसऱ्या व्यवसायातून उपलब्ध आहे. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढील ७५१ कामगारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पान खुडण्याचे काम पापणीची रेघ कोरण्याइतके बारीक नक्कीच नाही.

डोक्याला बांधायचे दोन डोळ्यांचे भिंग हा यापुढचा टप्पा. त्यात एक अडचण असते. भिंग जितके शक्तिशाली, तितके काम डोळ्याजवळ आणावे लागते. अडीचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाला साधारण २० सेंटिमीटर, तर साडेतीनपटीला अवघे १० सेंटिमीटर अंतर चालते. एवढ्या जागेत पटाशीची मूठ आणि दोन हात मावणे कठीण. शिवाय दिसणारे क्षेत्र लहान होते, प्रमाणाचे भान सुटते आणि लाकडाची छिद्रेही दिसू लागल्याने कारागीर गरज नसलेली सफाई करत बसतो. दोन-अडीचपटीच्या पुढे सहसा जाऊ नये आणि दर काही मिनिटांनी भिंग वर करून मूर्ती हातभर अंतरावरून पाहावी. गिऱ्हाईक ती तशीच पाहणार असते. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी नेदरलँड्समध्ये बॉक्सवुडचे जपमणी कोरले जात. लिंबाएवढ्या मण्यात माणसांनी गजबजलेले प्रसंग असत. अलीकडच्या सूक्ष्म क्ष-किरण तपासणीत आढळले, की यांतील अनेक मणी अखंड कोरलेले नसून सुटे कोरलेले थर आणि तुकडे एकात एक बसवून रचलेले आहेत. तीक्ष्ण नजरेइतकेच श्रेय तिथे रचनेच्या युक्तीला जाते.

खरा धोका मात्र चाळिशीचा नाही. काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. पटाशीच्या टोकावर नजर खिळवून बसणाऱ्याला म्हणूनच काही उमगत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातील दाब व नेत्रशिरेची नियमित तपासणी आवश्यक आहे ती यासाठी. सरळ आखलेली रेघ मध्येच वाकडी दिसू लागली, तर कारागीर हाताला किंवा लाकडाला दोष देतो. अशा वेळी एक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी, मग दुसरा झाकून. एका डोळ्याला ती वाकलेली दिसत असेल, तर दोष दृष्टिपटलाच्या मध्यभागी असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवे. काही प्रकारांत वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी दृष्टी वाचते. एकाच डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तर खोलीचा अंदाज चुकू लागतो आणि नक्षीमागची भूमी उंचसखल होते.

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. त्यापूर्वीची एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. बसवल्या जाणाऱ्या साध्या कृत्रिम भिंगाची ताकद एकाच अंतरासाठी निवडली जाते आणि बहुतेकांसाठी ते अंतर दूरचे असते. आपला व्यवसाय काय व आपण किती अंतरावरून काम करतो, हे शस्त्रक्रियेआधीच सांगितले तर जवळच्या अंतराचा विचार करता येतो. नंतर सांगून उपयोग नसतो.

दृष्टी आणखी खालावली तर कामाचा भार बोटांवर येतो. ऑस्ट्रियातील टायरॉलमधल्या नाउडर्स गावचा क्लाइनहान्स (१७७४–१८५३) बालपणीच देवीच्या साथीत अंध झाला आणि तरीही आयुष्यभर लाकडाची क्रूसमूर्तिशिल्पे कोरत राहिला. स्पर्शाला अर्थातच मर्यादा आहेत. बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे जाणवायला त्यांच्यात सुमारे २ मिलिमीटर अंतर लागते. ब्रेलमधील शेजारच्या ठिपक्यांतही साधारण अडीच मिलिमीटरचे अंतर असते. त्याहून बारीक नक्षी बोटाला केवळ खरखर म्हणून कळते, तिचा आकार कळत नाही. तिथे नख कामी येते. नखाची कड रेघेतून हळू ओढली की तिची खोली कुठे उथळ झाली, तळाशी कुसळ कुठे राहिले, हे समजते. पटाशीची धारही अशीच पाहतात: पाते नखावर अलगद टेकवावे, धारदार असेल तर ते रुतते, बोथट असेल तर घसरते.