चर्चचा हॉल आणि योगाचा वर्ग : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. चर्चने आपला हॉल योगाच्या वर्गाला द्यावा का? द्या किंवा नका देऊ, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण या प्रश्नाच्या मागे बराच जुना इतिहास आहे आणि त्यात आपल्या पुण्या-लोणावळ्याची माणसंही आहेत. म्हणून जरा सावकाश पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करू. २००७ साली टाँटन या गावात लहान मुलांच्या योगवर्गाला दोन चर्चनी जागा नाकारली; एक अँग्लिकन, एक बाप्टिस्ट. २०१२ साली साउथॅम्प्टनला एका कॅथलिक चर्चने आपल्या हॉलमधला योगवर्ग रद्द केला. तिथल्या फादरांचं म्हणणं असं की योग ही हिंदूंची आध्यात्मिक साधना आहे, ती चर्चच्या जागेत नको. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, हा तर नुसता व्यायाम. अशी बातमी वाचली की आपल्यापैकी काही जण हसतात, काही रागावतात. आपण आज दोन्ही बाजूला ठेवू आणि एवढंच विचारू, की या दोघांत बरोबर कोण होतं?

आधी हॉल म्हणजे काय ते लक्षात घेऊ. हॉल म्हणजे वेदीची जागा नव्हे. चर्चला लागून किंवा जवळपास बांधलेली ही साधी इमारत. तिथे रविवारची शाळा भरते, म्हाताऱ्यांचं चहापान होतं, मुलांचे वाढदिवस होतात, निवडणुकीत मतदानही होतं. भाड्यातून छपराची डागडुजी निघते. म्हणजे ज्याचा आपण उपदेश करत नाही अशा कितीतरी गोष्टींना चर्च जागा देतच असतं. वाढदिवसाला कुणी धर्मशास्त्र विचारत नाही. मग योगालाच का विचारतात?

कारण योगाला स्वतःचं दर्शन आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन हे आठांपैकी एक अंग, आणि त्यावर सूत्रं जेमतेम तीन. बाकीचा ग्रंथ चित्ताविषयी आहे आणि शेवट कैवल्यात आहे. आता गंमत पाहा. योग शब्दाचा अर्थ आपण 'जोडणं' असा सांगतो, पण पतंजलींचं ध्येय आहे पुरुष आणि प्रकृती यांचा वियोग. तिथला ईश्वर हा जगाचा निर्माता नाही. क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला तो एक विशेष पुरुष आहे. ख्रिस्ती माणसाचा देव निर्माता आहे, त्याच्या श्रद्धेत शरीराचंही पुनरुत्थान आहे, आणि तारण स्वतःच्या अभ्यासाने मिळत नाही, कृपेने मिळतं. हा फरक वरवरचा नाही. पुढे पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका घ्या. आसनं तिच्यात पंधरा. पण ग्रंथाची सुरुवात आदिनाथाला, म्हणजे शिवाला, वंदन करून होते. तेव्हा साउथॅम्प्टनचे फादर अज्ञानातून बोलत होते असं आपल्याला म्हणता येत नाही. उलट, पतंजलींना त्यांनी बऱ्याच योगशिक्षकांपेक्षा जास्त गांभीर्याने घेतलं होतं.

मग बाई खोटं बोलत होत्या का? तेही नाही. त्यांना शिकवला गेलेला योग बहुधा तसाच होता. तो तसा कसा झाला, हा इतिहासाचा भाग आहे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, दाब किती बदलतो, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी तपासलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. अध्यात्म टाकून द्यावं असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. पण योगाबद्दल देवाचं नाव न घेता बोलता येतं, हे त्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं. पुढे पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले आणि त्यांच्यामुळे अय्यंगारांची पद्धत इंग्लंडला पोचली. १९७०च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रौढशिक्षण वर्गांत ती शिकवायला परवानगी मिळाली, ती एका अटीवर : आसन-प्राणायाम शिकवा, तत्त्वज्ञान नको. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं ही अट वाचून थोडी खिन्न होतो. पण या अटीमुळेच हजारो लोकांपर्यंत योग गेला. 'नुसता व्यायाम' हे वाक्य असं लोणावळा, पुणे, लंडन करत तयार झालं आहे. त्यात सत्य आहे, पण अर्धं.

आता चर्चची बाजू. चर्चचाही आवाज एक नाही. व्हॅटिकनने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत सांगितलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. १९८९ साली कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या सहीच्या पत्राने योग, झेन वगैरेंबद्दल सावध केलं, पण त्यातलं उपयोगी ते घ्यायला दार बंद केलं नाही. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र २०२० साली योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नाही असं स्पष्ट सांगून टाकलं. दुसरीकडे देशाने नावाच्या फ्रेंच बेनेडिक्टाइन साधूने १९५६ सालीच ख्रिस्ती योगावर पुस्तक लिहिलं होतं. आणि आपल्या मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो? श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्याचे पूर्वेकडचे मार्ग त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणले. त्यांची साधना इन्स्टिट्यूटही लोणावळ्यालाच आली. ते गेल्यावर अकरा वर्षांनी, १९९८ साली, त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल रोमने इशारा दिला.

पण हा वाद याहून कितीतरी जुना आहे. इटालियन जेझुइट रॉबर्टो डी नोबिली १६०६ साली मदुराईला आले. संन्याशासारखी भगवी वस्त्रं घातली, मांसाहार सोडला, संस्कृत आणि तमिळ शिकले. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याने जानवं, शेंडी, गंध ठेवावं का, हा प्रश्न उभा राहिला. नोबिलींनी उत्तर दिलं, ठेवावं; ही धर्माची चिन्हं नाहीत, ही सामाजिक रूढी आहे. गोव्यात मोठा वाद झाला, प्रकरण रोमला गेलं, आणि १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर परवानगी दिली.

आता नीट पाहा, परवानगी कशाला मिळाली? जानवं ही 'नुसती रूढी' ठरली, पण ती रूढी जातीची होती. तमिळ प्रदेशातल्या कित्येक चर्चमध्ये बसायच्या जागा आणि दफनभूमीही जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या. सगळं खापर नोबिलींवर फोडणं अन्यायाचं होईल. तरी एक धडा घेता येतो. 'नुसती रूढी', 'नुसता व्यायाम' यातला 'नुसता' हा शब्द जपून वापरावा. जे पाहायचं नसतं ते त्याच्या आड सहज लपतं.

मग निर्णय कसा करायचा? ख्रिस्ती परंपरेतच एक कसोटी आहे, आणि ती पहिल्या शतकातली आहे. करिंथच्या बाजारात मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचं मांस विकायला येई. ते खावं का? पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं, त्याचा आशय असा : बाजारात मिळतं ते खुशाल खा, उगाच चौकशी करत बसू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका. तुमच्यासाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी. पौल मांसात काय आहे हे विचारत नाही. काय सांगितलं गेलं आणि शेजारच्या माणसावर काय परिणाम होईल, हे विचारतो.

हीच कसोटी हॉलला लावू. पाठदुखीसाठी आसनं, असं सांगून तेवढंच शिकवत असतील तर चर्चने हॉल द्यावा. आमचं मत द्यावा असंच आहे. ज्या म्हातारीला गुडघे वाकवता येत नाहीत, तिला दाराबाहेर ठेवून श्रद्धेचं रक्षण होत नाही. पण वर्गात ओंकार असेल, पतंजलींची प्रार्थना असेल, तर शिक्षिकेने ते आधी सांगावं. ते ऐकून चर्च नाही म्हणालं, तर तो अपमान समजू नये. सरकारी शाळेची गोष्ट वेगळी. अमेरिकेत अलाबामा राज्याने १९९३पासून शाळांत योगाला बंदी घातली होती. २०२१ साली ती उठवली, पण आसनांची नावं इंग्रजीत हवीत आणि 'नमस्ते' म्हणायचं नाही अशी अट घातली. सरकारला तटस्थ राहावं लागतं, म्हणून ही कसरत. चर्चला तटस्थ राहायचं बंधन नाही. त्याने आपली श्रद्धा उघड सांगावी, आणि योगालाही स्वतःचं नाव लपवायला लावू नये.

शेवटी एक प्रश्न आपल्याकडेही वळवू. आपल्या देवळाच्या सभागृहात कुणी 'नुसतं संगीत' म्हणून ख्रिस्ती भक्तिगीतांचा वर्ग मागितला, तर आपली समिती काय करेल? ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, त्याच्यासाठी कीर्तन केलं. ते आपल्या सभागृहात चालेल का? उत्तर हो असेल, तर आपल्याला साउथॅम्प्टनच्या फादरांना चार शब्द सांगायचा अधिकार आहे. उत्तर नाही असेल, तर निदान त्यांच्यावर हसू नये. घरी गेल्यावर यावर विचार करा. आज इथे थांबू.