नोकरी सांभाळून 'जीडीसी अँड ए' : सहकारातील कर्मचाऱ्यांसाठी वर्षभराचे नियोजन

देवळा : कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा हा परिसर 'कसमादे' या नावाने ओळखला जातो. १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्यात शेतीखालोखाल आधार आहे तो सहकाराचा. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, देवळा व उमराणे येथील बाजार समित्या आणि विठेवाडीचा 'वसाका' यांच्याभोवती येथील अर्थकारण फिरत आले आहे. या संस्थांमध्ये लिपिक, रोखपाल किंवा गटसचिव म्हणून काम करणाऱ्या तरुणांना पुढची पायरी चढायची असेल, तर एका परीक्षेचे नाव हमखास पुढे येते. ती परीक्षा म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका, अर्थात 'जीडीसी अँड ए'.

ही परीक्षा अवघड मानली जाते. मात्र नोकरी करणाऱ्यांची खरी अडचण अभ्यासक्रमापेक्षा वेळापत्रकाची आहे. परीक्षा साधारणपणे मे महिन्यात होते आणि सहकारी संस्थांतील वर्षाचा सर्वाधिक धावपळीचा काळ नेमका त्याआधी येतो. परीक्षा वर्षातून एकदाच होत असल्याने एक मे महिना हुकला, की पूर्ण वर्ष वाया जाते.

परीक्षेचे स्वरूप

राज्याच्या सहकार विभागामार्फत ही परीक्षा घेतली जाते. परीक्षेला बसण्यासाठी साधारणपणे पदवीची अट असते. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास, तत्त्वे व व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था आणि गृहनिर्माण व इतर सहकारी संस्था असे सहा विषय असून प्रत्येक विषय १०० गुणांचा असतो. सलग तीन दिवस, रोज दोन याप्रमाणे प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. उत्तरे मराठीतून लिहिता येतात, ही ग्रामीण भागातील उमेदवारांच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. एखाद्या विषयात ठरावीक गुण मिळाल्यास पुढील वेळी त्या विषयातून सूट घेण्याची सोय आहे. सुटीच्या अटी माहितीपत्रकात दिलेल्या असतात. अर्ज भरण्यापूर्वी त्या नीट वाचाव्यात.

पदवी पूर्ण नसणाऱ्यांसाठी नाशिक येथे १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा मार्ग आहे. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच हे विद्यापीठ उभे राहिले.

पदविकेचे महत्त्व

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये २०१३ साली मोठ्या सुधारणा झाल्या. त्यानुसार संस्थेची सर्वसाधारण सभा शासनाच्या नामतालिकेतून लेखापरीक्षकाची नेमणूक करते. या नामतालिकेत सनदी लेखापालांबरोबरच प्रमाणित लेखापरीक्षकांनाही स्थान आहे. पदवी, 'जीडीसी अँड ए' उत्तीर्ण, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान या प्रमाणित लेखापरीक्षकासाठीच्या अटी आहेत. म्हणजेच किर्द-खतावणी लिहिणाऱ्या लिपिकाला पुढे दुसऱ्या संस्थांची दप्तरे तपासणारा स्वतंत्र व्यावसायिक होण्याची वाट या पदविकेतून खुली होते. केवळ प्रमाणपत्र मिळाले म्हणजे लगेच नामतालिकेत नाव लागते, असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो. अनुभवाची अट वेगळी पूर्ण करावी लागते.

संस्थेलाही याचा लाभ होतो. गावातील पतसंस्थेत शेतकऱ्याचे कांद्याचे पैसे असतात, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव असते. तेरीज जुळते का, थकबाकीसाठी पुरेशी तरतूद केली आहे का, तारण कागदोपत्री पूर्ण आहे का, हे समजणारा माणूस संस्थेतच असेल, तर चूक लेखापरीक्षकाच्या अहवालापर्यंत जाण्याआधीच सापडू शकते.

कामाचे वर्ष आणि अभ्यासाचे वर्ष

सहकारी संस्थेचे वर्ष कायद्यानेच आखून दिलेले आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. लेखापरीक्षण त्यानंतर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हावे लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुली, एप्रिलमध्ये ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, त्यानंतर लेखापरीक्षण आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अहवालाची छपाई व सभेची नोटीस, अशी कामाची रांग लागते. देवळ्यासारख्या भागात त्यात एप्रिल-मेमधील उन्हाळ कांद्याची आवक आणि लग्नसराई यांची भर पडते. घरची शेती असलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयातून सुटल्यावर कांदा चाळीत भरण्यासाठीही थांबावे लागते. महिला कर्मचाऱ्यांच्या वाट्याला घरकाम येते ते वेगळेच.

अशा परिस्थितीत 'मार्च संपला की अभ्यासाला लागू' हा विचार बहुतेकांना महागात पडतो. एप्रिलमध्ये सहा विषय नव्याने हाती घेणे शक्य होत नाही. त्याऐवजी कामाच्या वर्षालाच अभ्यासाचे वर्ष जोडावे. ज्या महिन्यात जे काम टेबलावर असते, त्याच विषयाचे पुस्तक त्या महिन्यात उघडावे.

जून-जुलै : संस्थेत लेखापरीक्षण सुरू असताना लेखापरीक्षण हा विषय घ्यावा. मागील वर्षाचा अहवाल, संस्थेला मिळालेला अ, ब, क किंवा ड वर्ग आणि 'ओ' नमुन्यातील दोष दुरुस्ती अहवाल वाचावा. पुस्तकातील प्रकरणे आपोआप समजू लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबर : सभेची सूचना, गणपूर्ती, ठराव, उपविधी दुरुस्ती ही कामे प्रत्यक्ष सुरू असतात. सहकारी कायद्याचा विषय याच वेळी वाचावा. ज्या कलमाखाली काम केले, त्या कलमाची वहीत नोंद ठेवावी.

ऑक्टोबर ते जानेवारी : संस्थेच्या कामकाजात त्यातल्या त्यात हा निवांत काळ. लेखाशास्त्राला हातानेच सराव लागतो, म्हणून दिवाळीनंतरचे हे महिने त्यासाठी राखावेत. सहकाराचा इतिहास आणि गृहनिर्माण संस्था हे विषयही याच काळात संपवावेत. बाजार समितीतील कर्मचाऱ्यांना मात्र या दिवसांत लाल कांद्याची आवक असते. त्यांनी लेखाशास्त्राचा काही भाग पावसाळ्यातच सुरू करावा.

फेब्रुवारी-मार्च : नवे काही वाचू नये. वसुलीच्या काळात कर्ज, तारण व थकबाकीशी दररोज संबंध येतो. तेव्हा बँका व पतसंस्था या विषयाची फक्त उजळणी करावी.

एप्रिल-मे : केवळ जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. त्याही पूर्ण वेळ लावून, लिहून सोडवाव्यात. वर्षभर संगणकावर काम करणाऱ्यांचा तीन तास हाताने लिहिण्याचा सराव सुटलेला असतो.

सहाही विषय एका वर्षात झेपणार नसतील, तर तीन-चार विषयांवर भर देऊन त्यात सुटीपुरते गुण मिळवावेत आणि उरलेले पुढील वर्षासाठी ठेवावेत. सर्व विषयांत थोडक्यात नापास होण्यापेक्षा हे अधिक हिताचे ठरते.

बँक कर्मचाऱ्यांसाठी

बँकांतील कर्मचाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. मुंबईत १९२८ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स 'जेएआयआयबी' आणि त्यापुढील 'सीएआयआयबी' या परीक्षा घेते. या परीक्षा संस्थेच्या सभासद बँकांतील कर्मचाऱ्यांसाठी असल्याने पतसंस्थेतील कर्मचाऱ्यांनी आधी पात्रता तपासावी. २०२३ पासून 'जेएआयआयबी'चे चार विषय आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होते. प्रत्येक विषयात ५० गुण हवेत, किंवा एकाच वेळी सर्व विषयांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असावी लागते. उत्तीर्ण विषय मुदतीपर्यंत टिकतो आणि तीन वर्षांत पाच संधी मिळतात. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास जादा वेतनवाढ मिळते. मार्चअखेरच्या कामामुळे मे-जूनची परीक्षा जमत नसेल, तर वर्षअखेरच्या परीक्षेवर लक्ष केंद्रित करता येते. 'जीडीसी अँड ए'च्या उमेदवारांना ही सवलत नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

परीक्षेच्या तीन दिवसांची रजा फेब्रुवारीतच लेखी मागावी. मे महिन्यात सहकाऱ्यांच्या घरीही लग्नकार्ये असतात आणि उशिरा केलेला अर्ज मागे पडतो. नाशिक केंद्र घेतल्यास देवळ्याहून रोज ये-जा करण्याऐवजी तीन दिवस शहरात मुक्काम करावा. अर्जाची मुदत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, म्हणजे वसुलीच्या गडबडीतच येऊन जाते. अभ्यास झालेला असूनही अर्ज राहून जाण्याचा धोका असतो, तेव्हा जानेवारीपासूनच सहकार विभागाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

व्यवस्थापन मंडळांनीही थोडी साथ द्यावी. वर्षभरात तीन दिवसांची रजा आणि अभ्यासासाठी जुने अहवाल पाहण्याची परवानगी, एवढ्यावर संस्थेला हिशेब जाणणारा माणूस मिळत असेल, तर तो खर्च नक्कीच जास्त नाही. सभासदांच्या ठेवींची काळजी घेणारी माणसे बाहेरून आणण्याआधी ती आपल्याच कार्यालयात घडवता येतात.